तिळगूळ आणि मुलांचे हात

पौष महिना लागला कीं पुण्याच्या बाजाराचें रूप पालटूं लागतें. महात्मा फुले मंडईच्या परिसरांत तिळांचीं आणि गुळाचीं दुकानें गजबजतात. कसबा पेठेंतील कुंभारवाड्यांत मातीचीं लहान लहान सुगडें रांगेनें मांडलीं जातात. आणि हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या, बोरें, गाजरें व उसाचे करवे यांचे ढीग रस्त्याच्या कडेला दिसूं लागतात. मंडईची इमारत १८८६ सालीं उभी राहिली. तेव्हांपासून आजवरच्या प्रत्येक संक्रांतीची ही लगबग तिनें पाहिली आहे.

घरोघरींही हीच गडबड असते. तीळ भाजल्याचा खमंग वास जिन्यावरून खालपर्यंत येतो, कढईंत गुळाचा पाक रटरटत असतो, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर एखादें पांच-सहा वर्षांचें मूल आंत येण्यासाठीं घुटमळत असतें. 'पाक चढला आहे, इकडे येऊं नकोस,' असें त्याला बजावलें जातें. आणि तें बजावणें चुकीचें आहे असें कोणीच म्हणणार नाहीं. उकळता पाक ही मुलांच्या खेळण्याची वस्तु खचितच नव्हे. परंतु याचा परिणाम असा होतो कीं, संक्रांतीच्या दिवशीं संध्याकाळीं तेंच मूल नवे कपडे घालून, हातांत डबी घेऊन, 'तिळगूळ घ्या, गोड बोला' म्हणत शेजारीं जातें, तेव्हां त्या डबींतील तिळगुळाशीं त्याचा स्वतःचा कांहींच संबंध नसतो. तिळगूळ आईनें किंवा आजीनें केलेला असतो, नाहींतर दुकानांतून पुडा आणलेला असतो. मूल केवळ निरोप्याचें काम करतें.

वस्तुतः संक्रांतीच्या खाद्यपदार्थांइतके मुलांच्या हातांना सोपे पदार्थ आपल्या वर्षभराच्या सणांत थोडेच सांपडतील. दिवाळीच्या फराळांतील बहुतेक जिन्नस अखेर तळणाच्या कढईपाशीं येऊन थांबतात. गणपतीच्या मोदकास उकड आणि कळी दोन्ही साधावी लागते. तिळगुळाच्या कामांत मात्र निवडणें, पाखडणें, सोलणें, किसणें, कुटणें, वळणें आणि वांटणें हा भाग मोठा असून विस्तवापाशीं उभें राहण्याचा भाग लहान आहे. तो लहान भाग मोठ्या माणसांनीं आपल्याकडे ठेवला आणि बाकीचा सर्व भाग मुलांकडे मोकळ्या मनानें सोंपविला, तर चार-पांच दिवसांत डबीभर तिळगूळ मुलांच्या हातून तयार होतो. सोपें काम म्हणजे कमी काम नव्हे. ज्याचे तुकडे नीट पाडलेले आहेत तें काम सोपें.

मुलांस या कामाची हौस उपजतच असते. तुळशीबागेंत भातुकलीचीं इवलालीं पितळी भांडीं पिढ्यान्‌पिढ्या विकलीं जात आहेत. चूल, बंब, जातें, खलबत्ता, पोळपाट-लाटणें, कांहीं म्हणून त्यांत कमी नसतें. चुरमुऱ्यांचा भात आणि दाण्या-गुळाचे लाडू करणारें मूल खेळत असतें हें खरें. परंतु त्या खेळांत त्याला जें हवें असतें तें मोठ्यांचें काम. इटलींतील शिक्षणशास्त्रज्ञ डॉ. मारिया माँटेसोरी यांनीं १९०७ सालीं रोम शहरांत आपलें पहिलें बालगृह उघडलें, तेव्हांपासून त्यांच्या पद्धतींत खरें पाणी ओतणें, खरी जमीन झाडणें, खरीं भांडीं हाताळणें या नित्याच्या कामांस मानाचें स्थान मिळालें. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनीं समुद्रकांठच्या बोर्डी गांवीं बालवाडीच्या रूपानें हाच विचार रुजविला. मूल खेळण्यांतल्या भांड्यापेक्षां खऱ्या भांड्यास अधिक जपतें, हा अनुभव ज्या घरीं मुलाला एकदां तरी खरा खलबत्ता दिला गेला आहे त्या घरीं नवा नाहीं.

काम सुरू होण्यापूर्वीं मुलें प्रश्न विचारतील, आणि त्यांतील एक ठरलेला असतो. दिवाळी दरवर्षीं निराळ्या तारखेस येते, मग संक्रांत नेहमीं जानेवारीच्या १४ तारखेस कशी? याचें उत्तर सोपें आहे. आपले बहुतेक सण चंद्राच्या तिथींवर बसविलेले आहेत. संक्रांत सूर्यावर बसविलेली आहे. सूर्य मकर राशींत प्रवेश करतो ती वेळ पंचांगकर्ते निरयन पद्धतीनें काढतात, आणि ती हल्लीं १४ वा १५ जानेवारीस येते. २०२४ सालीं संक्रांत १५ तारखेस झाली, २०२५ सालीं १४ तारखेस. दिवस मोठा होण्यास खरोखर सुरुवात २२ डिसेंबरच्या सुमारासच झालेली असते. पृथ्वीचा आंस भोवऱ्याप्रमाणें अत्यंत मंदपणें डोलतो, त्यामुळें या दोन दिवसांत अंतर पडलें असून तें सुमारें सत्तर वर्षांस एक दिवस या बेतानें वाढत आहे. फिरता भोंवरा पाहिलेल्या मुलास हें समजावून देण्यास पांच मिनिटें पुरतात, आणि तेवढ्या वेळांत वाटीभर तीळ निवडून होतात.

दुसरा प्रश्न येतो, तो तीळच कां, हा. तीळ हें या देशांतील फार जुनें पीक आहे. हडप्पा येथील उत्खननांत जळालेले तीळ मिळाले आहेत. तिळाच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग तेलाचा असतो, म्हणून थंडीच्या दिवसांत तो अंगीं लागतो अशी जुनी समजूत आहे. सालासकट शंभर ग्रॅम तिळांत ९०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असतें. मात्र तें बरेंचसें सालींत बांधलेलें असल्यानें शरीरास सगळेंच मिळतें असें नाहीं. गुळाविषयींही थोडें सावधपणें बोलावें. त्यांत साखरेपेक्षां कांहीं क्षार अधिक असले, तरी मुख्यतः तो गोडच आहे. तिळगूळ औषध म्हणून नव्हे, तर सणाचा घांस म्हणून खावा, हेंच मुलांस सांगणें खरें.

पहिला दिवस निवडण्याचा. संक्रांतीच्या आधींच्या रविवारीं सकाळीं मुलांस उन्हांत सतरंजीवर बसवावें आणि प्रत्येकापुढें एक पांढरें व एक गडद रंगाचें ताट ठेवावें. गडद ताटांत तीळ पसरले म्हणजे काळी माती व काडी दिसत नाहीं, परंतु पांढुरका खडा चटकन दिसतो. पांढऱ्या ताटांत याच्या उलट. दोन्ही ताटांतून तीळ एकेकदां फिरविण्याची युक्ति मुलांस फार आवडते. शेंगदाणे निवडतांना बुरशी आलेला, सुरकुतलेला अथवा काळा पडलेला दाणा निर्दयपणें फेकून द्यावयाचा, हा नियम मुलांस प्रथमच शिकवावा. बुरसट दाण्यांत यकृतास घातक असें विष तयार होतें. गूळ किसण्याचें काम थोड्या मोठ्या मुलांस द्यावें, आणि किसणीवर हात येऊं नये म्हणून शेवटचा तुकडा तसाच ठेवण्यास सांगावें. तो तुकडा किसणाऱ्याचा, असा रिवाज ठेवला म्हणजे सांगणें मानलेंही जातें.

गूळ घेतांना दोन प्रकार घरांत आणावेत. चिकीचा गूळ वडीसाठीं. त्याचा पाक चिवट होतो व तिळांस धरून ठेवतो. साधा मऊ गूळ बिनपाकाच्या लाडवांसाठीं व पोळीसाठीं. पोळींत चिकीचा गूळ वापरला तर निवल्यावर ती दांतांस चिकटते. कोल्हापूरचा गूळ प्रसिद्धच आहे. पुणें जिल्ह्यांतही दौंड तालुक्यांत गुऱ्हाळें पुष्कळ आहेत. अतिशय पिवळाधमक गूळ पाहून भुलूं नये. पुष्कळदां तो रंग रसायन घालून उजळलेला असतो. तांबूस-तपकिरी गूळ दिसण्यांत उणा, परंतु चवीस सरस.

तीळ भाजणें हें मोठ्यांचें काम, पण त्यांत मुलांच्या कानांस काम आहे. जाड बुडाच्या कढईंत, मंद आंचेवर, एका वेळीं वाटीभरच तीळ घालावेत. मुलें हातभर अंतरावर बसून ऐकत राहतात. प्रथम कांहींच ऐकूं येत नाहीं. मग एखादा तीळ टिचकतो, मग दोन-चार, आणि मग तडतड सुरू होते. तिळांतील ओलाव्याची वाफ होऊन ती दाण्यांतून बाहेर पडूं पहाते, म्हणून हा आवाज. तडतड ऐन भरांत आली कीं मुलांनीं 'उतरा' म्हणावयाचें आणि मोठ्यांनीं कढई उतरून तीळ लागलीच थंड ताटांत काढावयाचे. गरम कढईंत ते तसेच राहिले तर भाजत राहतात, आणि करपलेल्या तिळाचा कडवटपणा कोणत्याही गुळानें जात नाहीं.

यानंतर येतो मुलांचा खरा पदार्थ, म्हणजे बिनपाकाचा लाडू. भाजून निवालेले तीळ एक वाटी, भाजून सोललेले शेंगदाणे अर्धी वाटी, किसलेला साधा गूळ पाऊण वाटी आणि दोन वेलदोड्यांची पूड. तीळ खलबत्त्यांत थोडे थोडे घालून कुटावेत, दाणे वेगळे कुटावेत, आणि शेवटीं गूळ मिसळून सर्व पुन्हां एकदां चेंचावें. सुरुवातीस पूड कोरडी दिसते. कुटतां कुटतां ती ओलसर होऊं लागते. पाण्याचा थेंबही न घालतां हा ओलावा कोठून आला, हें मुलांस विचारावें. तिळांत दडलेलें तेल कुटण्यानें बाहेर आलें, आणि त्यानेंच गूळ व कूट एकत्र बांधलें. मग तळहातावर थोडें थोडें घेऊन पेढ्याएवढे लाडू वळावेत. एवढ्या साहित्यांत सुमारें पंधरा लाडू होतात. विस्तव नाहीं, पाक नाहीं, तळण नाहीं. पांच वर्षांच्या मुलापासून सर्वांस हा जमतो. खलबत्ता नसेल तर यंत्रांत वाटलें तरी चालेल. मात्र झांकण उघडण्यापूर्वीं यंत्र बंद करण्याचें काम मोठ्यांचें, आणि कुटण्याचा आनंद तेवढा कमी होतो.

दुसऱ्या दिवशीं वडी. येथें पाक येतो, म्हणून कामाची वांटणी आधींच ठरवून घ्यावी. एक वाटी चिकीचा गूळ, एक वाटी भाजलेले तीळ, अर्धी वाटी दाण्याचें कूट, एक चमचा तूप, आणि वरून पेरण्यासाठीं किसून भाजलेलें सुकें खोबरें. मुलांनीं सर्व वस्तु मोजून ओळीनें मांडाव्यात आणि ताटास व लाटण्यास तूप लावून ठेवावें. पाक एकदां तयार झाला कीं तो कोणासाठींही थांबत नाहीं. तेव्हां ही मांडामांड म्हणजे केवळ मुलांस गुंतवून ठेवण्याची युक्ति नसून वडी साधण्याची पहिली अट आहे.

पाकाची परीक्षा मुलांस अवश्य दाखवावी. थंड पाण्याच्या वाटींत मोठ्यांनीं पाकाचा एक थेंब टाकावा. तो विरघळून पसरला तर पाक कच्चा. त्याची मऊ गोळी झाली तर पाक वडीच्या जवळ आला. निवालेली गोळी ताटलीवर टाकतांच टण् असा आवाज आला, तर तो कडक चिकीचा पाक. या प्रत्येक पायरीस पाकांतील पाणी कमी होत जातें आणि उष्णतामान चढत जातें. मऊ गोळीच्या वेळीं तें साधारण ११२ ते ११६ अंश सेंटिग्रेड असतें. कडक पाकाच्या वेळीं १४५ अंशांच्या वर जातें. पाणी १०० अंशांस उकळतें हें शाळेंत शिकलेल्या मुलास या आंकड्यांचा अर्थ आपोआप कळतो, आणि पाकापासून दूर कां रहावयाचें हेंही त्याच वेळीं कळतें. उकळत्या पाण्याचा थेंब अंगावर उडाला तर ओघळून तरी जातो. पाक कातडीस चिकटून बसतो आणि भाजत राहतो.

म्हणून एक गोष्ट सर्व घरांत माहीत असली पाहिजे. पाक अंगावर उडालाच, तर तो भाग ताबडतोब नळाच्या वाहत्या गार पाण्याखालीं धरावा आणि वीस मिनिटें तेथेंच ठेवावा. चिकटलेला पाक ओढून काढूं नये. पाण्यानें तो आपण होऊन सुटतो. बर्फ, तूप, हळद, दंतमंजन यांपैकीं कांहींही लावूं नये. फोड आले, चेहरा भाजला अथवा भाजलेली जागा मुलाच्या तळहाताएवढी वा अधिक असली, तर विलंब न करतां डॉक्टरांकडे जावें. हें इतकें सांगून ठेवल्यावर भीति बाळगण्याचें कारण उरत नाहीं. जमिनीवर पाटानें अथवा खडूच्या रेघेनें सीमा आंखावी. शेगडी पेटलेली असेपर्यंत मुलांनीं ती ओलांडावयाची नाहीं. सीमा स्पष्ट असली म्हणजे मुलें ती पाळतात. 'जरा लांब रहा' हें त्यांस कळत नाहीं, कारण 'जरा' म्हणजे किती हें कोणीच सांगत नाहीं.

पाकांत तीळ व कूट मिसळून मिश्रण ताटांत ओतलें आणि मोठ्यांनीं लाटण्यानें पसरलें, म्हणजे मुलांनीं वरून खोबरें पेरावें. वड्या कोमट असतांनाच पाडाव्या लागतात. चौकोन कोठें पडावयाचा तें मुलानें सांगावें आणि सुरी मोठ्यांनीं चालवावी. निवल्यावर वड्या सुट्या करून डब्यांत भरण्याचें काम अर्थात् मुलांचें, आणि कडेचे वेडेवांकडे तुकडेही त्यांचेच.

हलव्याची गोष्ट निराळी आहे. कांटेरी हलवा हा पुण्यांतील संक्रांतीचा खास मान, आणि तो घरीं करावयाचा तर आठ-नऊ वर्षांपुढील मुलांस बरोबर घ्यावें. दोन मोठे चमचे तीळ अथवा खसखस, एक वाटी साखर आणि अर्धी वाटी पाणी. साखरपाण्यास उकळी आली कीं त्यांत चमचाभर दूध घालून वर येणारी मळी काढून टाकावी, आणि एकतारी पाक करून बाजूस ठेवावा. परात अगदीं मंद आंचेवर, हात सहज ठेवतां येईल इतकीच कोमट ठेवावी. तिच्यांत तीळ पसरून पाकाचा अर्धा चमचा त्यांवर शिंपडावा आणि बोटांच्या टोकांनीं दाणे फिरवीत रहावें. ते वाळून सुटे झाले कीं पुन्हां अर्धा चमचा. पाक मोठ्यांनीं निववून घालावा. फिरविणें मुलांनीं आळीपाळीनें करावें. पाक अधिक पडला तर गठ्ठे होतात. आंच वाढली तर साखर पिवळी पडते. पहिल्या दिवशीं तिळांवर पांढरी छटा येते, दुसऱ्या दिवशीं दाणा गोल होतो, आणि तिसऱ्या दिवशीं कांटे डोकावूं लागतात. दाण्यावर जेथें किंचित् उंचवटा असतो तेथें साखरेचे स्फटिक अधिक सांचतात, आणि उंचवटा आणखी उंच होतो. हें काम पहाटेच्या थंड, कोरड्या हवेंत चांगलें होतें, कारण प्रत्येक थर पुरता वाळल्याखेरीज पुढचा बसत नाहीं. पुण्याची जानेवारींतील पहाट, जेव्हां पारा १०-१२ अंशांच्या आसपास असतो, त्यास उत्तम.

अशी कांटेरी साखर केवळ आपल्याकडेच होते असें मात्र नाहीं. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांनीं जपानांत साखरेची मिठाई नेली. तिच्यापासून तेथें 'कोंपेइतो' नांवाची कांटेरी खडीसाखर तयार झाली. तीही अशीच, फिरत्या कढईंत थरावर थर चढवून, अनेक दिवस खपून करतात. जपानी पदार्थवैज्ञानिक तोराहिको तेरादा (१८७८–१९३५) यांना त्या शिंगांचें इतकें कुतूहल वाटलें कीं, तीं कां फुटतात या प्रश्नावर त्यांनीं लिहिलें. परातींत बोटें फिरवीत बसलेल्या मुलास हें सांगितलें, तर आपल्या हाताखालीं चाललेली गोष्ट शास्त्रज्ञांसही विचारांत पाडणारी आहे, हें त्यास कळेल.

तीन दिवस खपून मूठभर हलवा तयार होतो, आणि तो विकतच्या हलव्याइतका सुबक नसतो. यांत निराश होण्याजोगें कांहीं नाहीं. उलट, दुकानांतील किलोभर हलव्यामागें किती तासांचे श्रम असतील, आणि नवऱ्या मुलीच्या व तान्ह्या बाळाच्या अंगावर काळ्या वस्त्रावर खुलणारे हलव्याचे दागिने करणाऱ्या बायांची बोटें किती कुशल असतील, याची किंमत मूठभर हलवा केलेल्या मुलासच कळते. घरच्या हलव्यांत विकतचा मिसळून दागिने करण्यास कोणतीच हरकत नाहीं. दोऱ्यांत दाणे गुंफून एखादी अंगठी अथवा बांगडी मुलें आनंदानें करतात.

गुळाची पोळी हा संक्रांतीच्या दिवसाचा मुख्य पदार्थ. तिच्यांतही मुलांचा वांटा आहे. आदल्या रात्रीं दोन वाट्या किसलेला साधा गूळ, अर्धी वाटी तिळाचें कूट, तेलावर खमंग भाजलेलें पाव वाटी बेसन, थोडी खसखस आणि जायफळ हें सर्व मुलांनीं मळून एकजीव करावें. गुळांत खडा राहिला तर तेथें पोळी फुटते आणि गूळ तव्यावर येऊन जळतो; तेव्हां खडे शोधण्याची जबाबदारी लहान बोटांकडे द्यावी, तीं तें काम मोठ्यांपेक्षां चांगलें करतात. सकाळीं कणकेच्या दोन लहान लाट्यांमध्यें गुळाची चपटी गोळी ठेवून कडा दाबून देणें, हेंही मुलांस जमतें. लाटणें व भाजणें मोठ्यांकडे. गरम पोळींतील गूळ निखाऱ्यासारखा असतो, म्हणून मुलांस पोळी निववूनच द्यावी. आणि तशी ती निवल्यावरच खुसखुशीत लागते.

ज्या श्रोत्यांच्या घरीं अगदीं लहान मूल आहे, त्यांच्याकडे या दिवसांत बोरन्हाण असेल. हा विधि संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत केव्हांही करतात. काळें झबलें आणि हलव्याचे दागिने घातलेल्या बाळाच्या डोक्यावरून बोरें, हरभरे, उसाचे करवे, चुरमुरे, हलवा, बत्तासे ओततात, आणि भोंवतालचीं मुलें तो खाऊ लुटतात. या आनंदांत एक धोका लपलेला आहे. पांच वर्षांखालील मुलाच्या घशांत आख्खा शेंगदाणा, हरभरा, बोराची बी किंवा कडक हलवा अडकूं शकतो, आणि मूल हसतां-धांवतां खात असेल तर ही शक्यता वाढते. म्हणून बाळाच्या डोक्यावर मुख्यतः चुरमुरे ओतावेत. कडक जिनसा वरच्यावर झेलून मोठ्या मुलांस वांटाव्यात. दागिना बाळाच्या तोंडांत जात नाहीं याकडे एकानें सतत लक्ष द्यावें. लहानग्यांच्या हातीं बिनपाकाच्या मऊ लाडवाचा तुकडा द्यावा. एखाद्या मुलास तीळ अथवा शेंगदाणे सोसत नाहींत असेंही असतें. पाहुण्या मुलांच्या आयांस तेवढें आधीं विचारावें.

या सर्व कामांत मुलगा व मुलगी असा भेद करण्याचें कांहींच कारण नाहीं. खलबत्ता, परात आणि पोळपाट यांस तो ठाऊक नसतो. ज्या घरांत मुलगे तीळ निवडतात, त्या घरांत पुढें मोठेपणीं संक्रांत आईच्या किंवा बायकोच्या एकटीच्या अंगावर पडत नाहीं.

सर्वांत नाजुक प्रसंग शेवटीं येतो, आणि तो मुलांचा नसून मोठ्यांचा आहे. मुलानें वळलेला लाडू वांकडा असतो. एक मोठा, एक लहान, एकावर बोटांचे ठसे, एक मधोमध चिरलेला. मूल निजल्यावर ते सगळे पुन्हां नीट वळून ठेवावेत, किंवा लोकांस देण्यासाठीं विकतचे काढून मुलाचे लाडू 'घरांत खाऊं' म्हणून वेगळ्या डब्यांत टाकावेत, असा मोह चांगल्या चांगल्या गृहिणींस होतो. त्यामागें वाईट हेतु नसतो. पाहुण्यांपुढें चांगलें जावें एवढीच इच्छा असते. परंतु मुलास हें सकाळीं कळतें. आपला लाडू ओळखण्यास त्यास एक क्षणही लागत नाहीं. चार दिवस खऱ्या भांड्यांनीं खरें काम केल्यावर तें शेवटीं भातुकलींत जमा झालें, असें त्यास समजतें. आणि पुढच्या वर्षीं उंबऱ्यावर येऊन घुटमळण्याऐवजीं तें गच्चीवर खेळावयास निघून जातें.

म्हणून संक्रांतीच्या संध्याकाळीं मुलाच्या डबींत त्याचेच लाडू भरावेत, वांकडे तसेच. समोरच्या बिऱ्हाडांतील आजी, खालच्या मजल्यावरचे वकीलसाहेब, दारावरचे पहारेकरी, कामास येणाऱ्या मावशी, आणि परवां ज्याच्याशीं चेंडूवरून भांडण झालें तो मित्र, या सर्वांस त्यानें आपल्या हातानें तिळगूळ द्यावा. 'गोड बोला' हे शब्द तोंडपाठ असलेल्या मुलास त्यांचा अर्थ त्या मित्राच्या दारांत उभें राहिल्यावरच नीट कळतो. घेणाऱ्यानेंही एवढें करावें कीं लाडू बाजूस न ठेवतां तेथेंच तोंडांत टाकावा. कोणी विचारील, 'कोणी केले रे हे?' आणि मूल उत्तर देईल. त्या उत्तरासाठीं चार दिवसांचा पसारा, परातीखालीं सांडलेले तीळ आणि गुळानें चिकट झालेलीं दारांचीं हँडलें, हें सर्व सोसण्यासारखें आहे.